पाणी घालून मारलेली झाडं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्च लागला की आमच्या इंदिरानगरात एकच तक्रार ऐकू येते : "रोज पाणी घालते, तरी पानांच्या कडा करपतात." कुंडीत बोट घालावं तर आत चिखल, रोप उपसावं तर मुळं काळी पडलेली आणि वास मारणारी. झाड बहुधा शोभेचं : रंगीत पानांचे कॅलेथिया, मरांटा, नाहीतर गच्चीवरचं हेलिकोनिया. विकणाऱ्याने एवढंच सांगितलेलं असतं, "पाणी भरपूर लागतं बरं का."

सल्ला अर्धाच आहे. कॅलेथिया-मरांटा मूळचे अमेरिका खंडातल्या दमट जंगलांतले. तिथे पायाखाली पालापाचोळ्याचा भुसभुशीत थर, पाऊस कितीही पडो, पाणी निथळून जातं. ऊन वरच्या झाडांतून गाळून येतं आणि हवेतच ओल असते. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पानांतून उडणारं पाणी मुळांना भरून काढता येत नाही. त्यात आपण कुंडीत शेतातली काळी माती भरतो आणि बोअरचं खारं पाणी ओततो. मुळांना श्वास घ्यायला जागाच उरत नाही.

मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुजलेलं शेणखत आणि विटांचा चुरा मिसळावा. वरचा थर सुकल्याशिवाय पाणी घालू नये. पश्चिमेच्या खिडकीतून कुंडी हलवावी. कूलरच्या खोलीत ही झाडं खूश असतात (झोतासमोर नको), एसीत सुकतात. थंडीत पारा दहाच्या खाली उतरला की वाढ थांबते, तेव्हा पाणीही कमी करावं.

एवढा खटाटोप नको असेल तर हळद लावा. त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरातली रानहळद आणि पेव पावसाळ्यात फुलतात आणि पुढे पानं टाकून कंद जमिनीत निजतात. घरची हळदही तशीच. शेजारच्या वहिनींनी जानेवारीत "मेली" म्हणून घंटागाडीत टाकायला काढलेली कुंडी मी मागून घेतली. पाऊस पडताच जाड कोंब वर आले. डोंगरातले कंद मात्र कुणी उपटून आणू नयेत. बाजारात ओली हळद मिळते. न्हाणीचं पाणी जातं तिथे अळू, कर्दळ, सोनटक्का आहेतच.

रोपवाटिकावाल्यांना विनंती आहे, कुंडीवर किमतीची चिठ्ठी चिकटवता तिथेच झाडाला ऊन किती, माती कशी आणि थंडी कितपत सोसते, हेही मराठीत लिहा.

– एक निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक