संयमाचे धडे आणि नाक्यावरची टपरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला संयम आणि व्यसनावरचा लेख वाचला. ज्याला मन आवरत नाही तो व्यसनी होतो, असा सोपा हिशेब लेखकमहाशयांनी मांडला आहे. पुन्हा तीच अमेरिकेतल्या स्टॅनफर्डची बालवाडी, तेच मार्शमेलो! (समोरची मऊ गोड मिठाई लगेच न खाता जे मूल थांबेल त्याला दोन, आणि थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, असा तो प्रयोग.) २०१८ साली दुसऱ्या नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हे पुन्हा तपासलं गेलं. घरची परिस्थिती धरल्यावर त्या धीराचा पुढच्या यशाशी संबंध जेमतेम उरला. लेखात हे कुठेच नाही. न्यूझीलंडच्या डनेडिनमधला हजारेक मुलांचा अभ्यास मात्र भक्कम आहे. लहानपणी संयम कमी असलेल्यांत वयाच्या बत्तिसाव्या वर्षी व्यसनं जास्त आढळली. मान्य.

पण माझा धाकटा भाऊ वागळे इस्टेटमध्ये मशीनवर आहे. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही. तंबाखू मात्र मळतो. (उपासाला चालते म्हणे!) आई गेली तेव्हा दिवसकार्यासाठी गावी राहिला, तिथे चुलत्यांसमोर पुडीला हात लावला नाही. परत येऊन नाक्यावर रिक्षातून उतरतोय तोच टपरीवाल्याने न मागता पुडी पुढे केली, वर "कुठे होता शेठ?" आता यात दुबळं मन शोधत बसायचं का?

व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी बहुतेकांचं ते मायदेशी परतल्यावर सुटलं, हे ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७०च्या दशकातच दाखवलं होतं. त्यांचे काही कुणी मनोनिग्रहाचे वर्ग घेतले नव्हते.

राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. आमच्याकडे तो चिप्सच्या माळेमागून निघतो. शाळेच्या शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही असा कायदा आहे, आणि या टपरीवर शाळेची घंटा स्वच्छ ऐकू येते. तक्रार केली की गाडी यायच्या आत टपरीला फळी लागते, तासाभरात पुन्हा उघडते. लेखकमहाशयांनी एकदा इथे उभं राहून संयमावर बोलावं. चहा माझ्याकडून.

आणि हो, लेखासमोरच्याच पानावर एका सिनेनटाची ‘वेलची’ची पानभर जाहिरात होती. वेलची खपवायला एवढा मोठा नट लागतो, हे आमच्या वाण्याला सांगायला हवं. त्या जाहिरातीपायी शब्दकोडं गाळलंत. ते तरी पुढच्या अंकात द्या.

आपली,
एक वाचक, ठाणे (प.)