‘एका पंपाले किती टाकू?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कपाशी-सोयाबीनच्या फवारणीचे दिवस आले की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एकच प्रश्न असतो : ‘एका पंपाले किती टाकू?’ घोळ या ‘पंप’ शब्दातच आहे. इंग्रजीत तो पाणी, हवा ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या यंत्राचा शब्द. तिकडे एका तऱ्हेच्या बुटालाही पंप म्हणतात. आपल्याकडे विहिरीवरची मोटर पंप, डिझेल मिळतं तो पंप आणि पाठीवरचं फवारणी यंत्रही पंपच. ‘पेट्रोल पंप’ तर दोन : एक रस्त्यावरचा, एक पाठीवरचा. शिवाय पंप हे आता मापही झालं आहे. औषध पंपावर मोजतात आणि फवारणीची मजुरीही पंपामागे ठरते.

पण टाकी 10 लिटरची असते, 16 ची असते, 25 चीही असते. उदाहरणार्थ इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के हे कीटकनाशक घ्या. कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांसाठी लेबलवर हेक्टरी 100 ते 125 मिली आहे. 125 धरले तर एकरी 50 मिली. एकराला 200 लिटर पाणी लागत असेल, तर 10 लिटरच्या टाकीत अडीच मिली, 16 च्या टाकीत 4 आणि 25 च्या टाकीत सव्वासहा. दहाचं माप सोळाच्या टाकीत गेलं की तुडतुडे मरत नाहीत, मग चार दिवसांनी आणखी एखादं औषध मिसळून दुसरा फवारा. पंचविसाचं माप दहाच्या टाकीत गेलं तर औषध अडीच पट.

पेट्रोलवरच्या फवारणी पंपाचे थेंब बारीक, पाणी कमी लागतं, म्हणून त्याला साध्या पंपाच्या तिप्पट मात्रा सांगतात. ती तिप्पट साध्या नोझलच्या बॅटरी पंपात गेली तर पिकालाही धोका आणि फवारणाऱ्यालाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. त्यानंतर तरी मापाबाबत हयगय नको.

पाणी किती लागतं ते शेतातच काढता येतं. 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे एक गुंठा, दोरीने आखा. टाकीत मोजून साधं पाणी घ्या, रोजच्या चालीने फवारा आणि उरलेलं मोजा. 5 लिटर संपलं तर एकरी 200. पीक वाढलं, नोझल झिजलं किंवा फवारणारा बदलला की पुन्हा मोजा, आकडा बदलतो. औषध बाटलीच्या झाकणाने कधीच घेऊ नका. झाकण कंपनीगणिक लहानमोठं असतं. मिलीच्या खुणा असलेला कप किंवा सुई काढलेली सिरिंज त्या कामापुरती वेगळी ठेवा.

आपल्या शेतीच्या पानावरही ‘प्रति पंप’ असं छापून येतं. तिथे एकरी किती मिली, किती लिटर पाण्यात आणि कोणत्या तऱ्हेच्या पंपासाठी, एवढं प्रत्येक वेळी छापावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ