धरायच्या आधी

सुरूर, ता. वाई, जि. सातारा

चि. प्राजक्तास अनेक आशीर्वाद.

फायनल इयरला अवकाशातला कचरा धरणारा रोबोटचा हात करणार म्हणतेस, आई सांगत होती. तू पाठवलेला इस्रोच्या यांत्रिक हाताचा व्हिडिओ मी सगळ्या ड्रायव्हरांना दाखवला. ३० डिसेंबर २०२४ ला उडालेल्या पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा वाया न घालवता त्यावरच प्रयोग केले, हे आपल्यासारख्या भंगारातून पार्ट काढणाऱ्या माणसाला लगेच पटतं. कचरा धरायचा हातही त्यात होता आणि चवळीचं बीही. पेपरात जास्त कौतुक झालं ते चवळीचं! पुढं एप्रिलमध्ये तो टप्पाही हिंदी महासागरावर खाली आला, म्हणजे मागं घाण ठेवली नाही.

पण तुझ्या चित्रात सगळा जीव बोटांत आहे. खंबाटकीच्या एस वळणावर ट्रेलर पलटी झाला की मी हायड्रा क्रेन लगेच भिडवतो का? आधी भोवती फेरी. वजन कुठं कललंय, चेसी कुठं पिचलीय, डिझेल गळतंय का. पट्टा त्यानंतर. शिवाय माझ्या हायड्राला रस्ता धरून ठेवतो. तुझ्या यानाला वर टेकायला काहीच नाही. नुसता धक्का लागला तरी कचरा एकीकडं जाणार नि यान दुसरीकडं. त्यात तो कोलांट्या खात असणार. तसाच धरलास तर यानही त्याच्याबरोबर गरागरा फिरेल. म्हणून आधी त्याच्या गतीनं यान फिरवायचं, मग धरायचं, मग हळूहळू दोघांना थांबवायचं.

जपानच्या अ‍ॅस्ट्रोस्केल कंपनीचं वाचलंस का? २००९ पासून वर फिरणारा एच-टू-ए रॉकेटचा टप्पा, साधारण ११ मीटर लांब, ३ टनांचा. त्याला धरायला कडी नाही की तो आपला ठावठिकाणा कळवत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी यान पाठवलं ते फक्त बघायला, हात न देता! त्यानं फोटो काढले, १५ मीटरपर्यंत जवळ गेलं. हाताचं यान त्याच्या पुढच्या मोहिमेत. लोकांना हा खर्च फुकट वाटेल, मला तर त्यातच खरा कारागीर दिसला.

आणखी एक. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अवकाश करारानं वरची वस्तू मोडली तरी ज्या देशाची त्याचीच राहते. पंचनाम्याआधी आम्ही ट्रकला हात लावत नाही, तसंच ते. रिपोर्टमध्ये हे घाल, सर विचारतील.

पकड सोडायची सोय मात्र विसरू नकोस. बोटं अडकून बसली तर तुझं यानही कचऱ्यातच जमा.

रोबोटच्या हाताच्या मोटारींचे पैसे टाकलेत, बिल जपून ठेव. सुट्टीला ग्रुपला घेऊन यार्डात ये. हायड्राच्या हुकाला रिकामा ऑइलचा ड्रम टांगतो, पीळ देऊन सोडतो. तो फिरताना तुमच्या हातानं धरून दाखवा.

तुझे आण्णा