तारखा पुरे झाल्या, भाडेकरूंची नोंद घ्या: गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

झोपडपट्टीविषयी एखादी घोषणा झाली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात सुरू होतं: फुकटे, घुसखोर, आमच्या कराच्या पैशांवर मजा. लिहिणारी माणसं वाईट नाहीत. वीस-वीस वर्षं हप्ते फेडून त्यांनी घर घेतलंय आणि समोरच्याला ते फुकट मिळतंय, हे त्यांना सलतं. पण ती ज्यांना फुकटे म्हणतात, त्यांना मी मानखुर्द-गोवंडीत पालिकेच्या शाळेत शिकवताना जवळून पाहिलं आहे. लोकांच्या मनातला हा समज सरकारच्या धोरणानंच पोसला, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मुंबईत नव्यानं आलेला मजूर मोकळ्या जागेवर चार बांबू रोवून फुकट राहतो, हे चित्र आता फारच क्वचित खरं असतं. तो बहुतेकदा भाडेकरू असतो. दहा बाय दहाच्या खोलीत नाहीतर पोटमाळ्यावर, डिपॉझिट देऊन, महिन्याच्या महिन्याला भाडं मोजून. विजेचं बिल मालकाच्या नावावर, झोपडीधारकाचं ओळखपत्र म्हणजे फोटोपास, तोही मालकाचा. करार नाही, पावती नाही. नळ नसेल तर पाणी ड्रमच्या हिशेबानं विकत, आणि ते आमच्या इमारतीतल्या पाण्यापेक्षा कितीतरी महाग. खाडीच्या कडेला भरणीवर जे स्वतः पत्रे ठोकतात, तेही त्या तुकड्याचे पैसे कुणाला तरी मोजूनच. मग एक दिवस पुनर्वसनाचा सर्व्हे येतो. दारावर रंगानं नंबर पडतो, परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पुनर्वसनाला कोण पात्र आणि कोण अपात्र त्या यादीत, मालकाचं नाव पात्र म्हणून लागतं आणि वर्षानुवर्षं भाडं भरणारं कुटुंब कागदावर कुठेच नसतं. अपात्रांच्या यादीतसुद्धा नसतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई नाक्यावर कामाला उभी राहायची. जालना जिल्ह्यातली. वस्तीत तोडक कारवाई झाली तेव्हा तिनं भांडी सोडून आधी एक पिशवी बाहेर काढली. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड, मुलांच्या जन्माचे दाखले, लसीकरणाची कार्डं. भाड्याची पावती एकही नाही, कारण मालकानं कधी दिलीच नव्हती. मुलगी पुन्हा वर्गात आली ती विज्ञानाचं भिजलेलं पुस्तक घेऊन, पानं एकमेकांना चिकटलेली. थोड्याच दिवसांत घरचे दुसऱ्या नाक्याजवळ राहायला गेले. शाळा सोडल्याचा दाखला न्यायलाही कुणी आलं नाही.

याच बाईची बांधकाम कामगार म्हणून नोंदणी का नव्हती, तेही सांगते. १९९६ च्या कायद्यानं वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा पुरावा लागायचा. जिचा ठेकेदार रोज बदलतो, तिला प्रमाणपत्रावर सही कोण देणार? बांधकामाच्या खर्चावर कामगार कल्याणासाठी उपकर घेतला जातो, पण त्यातला पैसा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

१९८१ च्या पावसाळ्यात फुटपाथवरच्या लोकांना उचलून गावी धाडायला सुरुवात झाली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठानं सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि ही माणसं तिथे राहतात कारण त्यांचं काम तिथे आहे. पण त्याच निकालात नोटीस देऊन हटवायला परवानगी मिळाली आणि पर्यायी जागेचा दिलासा १९७६ च्या झोपड्यांच्या गणनेत नोंद असलेल्यांपुरता राहिला. झोपडी अमुक तारखेच्या आधीची असेल तरच संरक्षण, आणि तेव्हापासून आपण या तारखाच पुढे ढकलतो आहोत. १९९५, मग २०००, मग २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर. २००४ च्या निवडणुकीत २००० पर्यंतच्या झोपड्यांना संरक्षणाचं आश्वासन दिलं गेलं, आणि त्याच हिवाळ्यात हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरला. ज्याचा कामाचा पत्ता दर हंगामाला बदलतो, त्याला यातल्या एकाही तारखेचा उपयोग नाही.

बेकायदा बांधकामांबाबत सरकारला उदार होता येत नाही असं नाही. २०१७ मध्ये कायदा बदलून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची अनधिकृत बांधकामं शुल्क भरून नियमित करायची वाट काढली. गुंठेवारीची, म्हणजे परवानगीशिवाय छोटे तुकडे पाडून विकलेल्या भूखंडांची, मुदत २०२० अखेरपर्यंत वाढवली. त्या घरांत राहणाऱ्यांना कुणी घुसखोर म्हटलं नाही, आणि म्हणूही नये. तेवढाच समजूतदारपणा पत्र्याच्या घराला दाखवा.

परप्रांतीय म्हणूनही हा विषय झटकता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं याच शहरात आली. शिकवताना माझ्या वर्गात परभणीची मराठी आणि आझमगडची बोली एकाच बाकावर बसलेली असायची. दोघांच्या आईबापांना हवी होती ती कामाजवळची, परवडणारी खोली.

असं घर सरकार बांधू शकतं. १९२० च्या दशकात परक्या सरकारनं बीडीडी चाळी उभ्या केल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या, भाड्यानं. त्या अपुऱ्या होत्या, पण तिथे मजूर कायदेशीरपणे राहिला. २०२० मध्ये टाळेबंदीत लाखो लोक चालत निघाले, तेव्हा केंद्रानं शहरी स्थलांतरितांसाठी भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली. महाराष्ट्रात त्यातून किती कामगारांच्या हातात किल्ली पडली, ते तुम्ही सभागृहात सांगावं. तुमच्या २०२५ च्या धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे. त्यातली ठरावीक घरं विकू नका. सरकारच्या मालकीची ठेवा, महिन्याच्या भाड्यानं द्या, आणि ती नाक्यापासून, एमआयडीसीपासून, रेल्वे स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर असू द्या. रिफायनऱ्यांच्या शेजारी, प्रदूषणात, माहुलला पाठवलेल्या कुटुंबांचे हाल आपण पाहिले आहेत. तसं पुन्हा नको.

घरं बांधायला वर्षं लागतील, हे मला कळतं. पण पुढच्या सर्व्हेच्या अर्जात भाडेकरूसाठी एक रकाना घालायला आणि भाड्याची पावती नसेल तर शाळेचा, दवाखान्याचा, रेशनचा कागद पुरावा म्हणून धरायला वर्षं लागत नाहीत. तेवढं परिपत्रक येत्या अधिवेशनाआधी काढावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त पालिका शिक्षिका,
चेंबूर