‘याच्या बदल्यात काय जाणार?’ – भोसरीच्या काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

रोबोकॉनच्या, म्हणजे कॉलेजांच्या रोबोट स्पर्धेच्या, टीमनं आभार मानायला घेतले की प्रायोजक, कॉलेज, सर, माजी विद्यार्थी अशी रांग लागते. तुमच्यासारखा, लेथवर सुटे भाग करून देणारा माणूस शेवटच्या ओळीत, तोही ‘इतर’मध्ये. म्हणून हे पत्र उघड लिहितोय. तुमचं सांगणं पुढच्या वर्षीच्या पोरापोरींना आयतं वाचायला मिळावं, हा स्वार्थही आहेच.

ड्रॉइंग टेबलावर ठेवलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: “याच्या बदल्यात काय जाणार?” पुस्तकात हा प्रश्न शेवटी येतो, तुमच्याकडे तो हात पुसायच्या आधी येतो.

२०२२ साली एबीयू रोबोकॉन (या स्पर्धेची आंतरराष्ट्रीय फेरी) नवी दिल्लीला होती आणि खेळच लगोरीचा होता. (२००८ ला पुण्यात गोविंदा, म्हणजे दहीहंडी. गल्लीतले खेळ आशियाभरच्या पोरांनी नियमपुस्तिकेतून शिकायचे, याची गंमत तुम्हाला आमच्याहून जास्त.) लगोरी फोडायला एक यंत्रणा, रचायला दुसरी. दोन्ही रोबोट मिळून वजन ५० किलोच्या आत, हवेचा दाब ६ बारच्या आत, वीज २४ व्होल्टच्या मर्यादेत. एवढ्या कुंपणात प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाच्या तरी ताटातलं खाते.

सगळ्यात जास्त आभार पाइपच्या धड्याचे. फ्रेम लवतेय म्हटलं की विद्यार्थ्याचा हात जाड पाइपकडे जातो: २५×२५ मिमीचा, दीड मिमी जाड भिंतीचा काढा, तीन मिमीचा टाका. तुम्ही आधी हिशोब मांडायला लावता. दीड मिमीचा २५×२५ अ‍ॅल्युमिनियम पाइप मीटरला साधारण ३८० ग्रॅम भरतो, तीन मिमीचा ७१० ग्रॅम. वजन जवळजवळ दुप्पट, ताठपणा मात्र पावणेदोनपटही नाही. त्याऐवजी दीड मिमीचाच ५०×२५ घेतला तर मीटरला ५८० ग्रॅम, आणि उभा बसवला तर मूळ पाइपच्या पाचपटीहून जास्त ताठ. आडव्या दिशेलासुद्धा तो तीन मिमीच्या चौकोनी पाइपपेक्षा कमी पडत नाही. घराची तुळई कोणी आडवी टाकत नाही, हे तुमचं उदाहरण. बदल्यात जाते ती उंची, म्हणजे रोबोटच्या पोटातली जागा. बॅटरी आणि हवेच्या बाटल्या कुठे बसवायच्या ते आधी ठरवून मगच पाइप मागवायचा.

पातळ पाइपची दुसरी खोड म्हणजे बोल्ट आवळला की भिंत आत दबते. जोड सैल पडतो, पुन्हा आवळला की आणखी दबते. २५ च्या मापातून बोल्ट आरपार जात असेल तर आतल्या पोकळीत २२ मिमी लांबीचा बुश, म्हणजे पोकळ नळीचा तुकडा, हवा: बाहेरून ८ मिमी, आत ५.२ चं भोक. वजन दोन ग्रॅमही नाही. बुश अर्धा मिमी आखूड राहिला तर भिंत तेवढी दबणारच, आणि लांब झाला तर आत जाणारच नाही; म्हणून सगळे बुश एकाच सेटिंगला कापायचे.

आर्गन वेल्डिंगला तुम्ही सरळ नाही म्हणता, स्वतःकडे मशीन असूनही. ६०६३-टी६ या जातीच्या आपल्या पाइपनं उष्णतेच्या प्रक्रियेतून कमावलेली ताकद जोडाजवळ बरीचशी निघून जाते. मग तुटतो तो वेल्ड नाही, त्याच्या शेजारचा पाइप. शिवाय फ्रेम पिळते आणि चारपैकी एक चाक अधांतरी राहतं. त्यापेक्षा कोपऱ्याला तीन मिमीची पट्टी आणि ४.८ मिमीचे पॉप रिव्हेट (एका बाजूनं ठोकायचे पोकळ रिव्हेट). भोक ४.९ चं, पाचचं नाही, नाहीतर रिव्हेट आत डुलतो. रिव्हेट एका रेषेत मारू नयेत, त्रिकोणात मारावेत. एका रेषेतल्या जोडाला पिळाशी झगडायला पुरेशी रुंदी मिळत नाही. बदल्यात काय जातं? रिव्हेट उघडता येत नाही, ड्रिलनं उडवावा लागतो. म्हणून सांगाड्याला रिव्हेट, आणि मोटर, चाक, पकड यांना बोल्ट.

वेगाचा हट्ट तुम्ही ज्या शांतपणे मोडता तो प्रकार प्रत्येक टीमनं एकदा बघावा. चार ओम्नी चाकं (कडेला छोटे रोलर असलेली, आडवीही सरकणारी) कोपऱ्यांवर ४५ अंशांत बसवली की रोबोट सरळ जाताना चाकाच्या परिघाच्या १.४१ पट वेगानं जातो. १२७ मिमीचं चाक, मिनिटाला ३०० फेरे: परिघाचा वेग सेकंदाला २ मीटर, रोबोटचा २.८ मीटर. पोरं म्हणतात, मोटर बदलून ४ मीटर करू. पण वाढलेल्या वेगाच्या बदल्यात ढकलण्याची ताकद त्याच प्रमाणात कमी होते, आणि जमिनीची पकडही चाकांच्या तिरक्या दिशेत वाटली जाते. घर्षणांक ०.५ धरला तर या मांडणीत प्रवेग (वेग वाढण्याचा दर) दर सेकंदाला सेकंदी साडेतीन मीटरच्या वर जात नाही, मोटर कितीही दांडगी असो. म्हणजे ४ मीटरच्या वेगाला पोचायला २.३ मीटर अंतर आणि थांबायला तितकंच. पाच मीटरच्या धावेत तो वेग जेमतेम क्षणभर मिळतो. २.८ ला पोचायला १.१ मीटर पुरतं आणि मधले पावणेतीन मीटर पूर्ण वेगात जातात. धाव पाच मीटरचीच असेल तर वेळेतला फरक ०.२ सेकंदाच्या आसपास. तेवढ्यासाठी जड मोटर, जाड वायर आणि मोठी बॅटरी घ्यायची का, हे मग कोणी विचारत नाही.

तीन चाकं की चार, यावर मात्र तुमचं ‘बघा काय ते’ हे उत्तर पटतं. तीन चाकं कायम जमिनीला टेकतात आणि एक मोटर वाचते. पण उंच हात बाहेर काढून ब्रेक मारला की रोबोट दोन चाकांच्या मधल्या बाजूला कलंडायला बघतो. चार चाकांना कलंडायची भीती कमी, पण फ्रेम दोन मिमीनं पिळलेली असली तरी एक चाक हवेत फिरतं आणि रोबोट वाकडा जातो. मग पुढची दोन चाकं एका पट्टीवर घेऊन ती पट्टी मध्यावर बेअरिंगमध्ये डुलती ठेवायची. चाकाचे फेरे मोजून अंतर सांगणारा एन्कोडर मोटरनं चालणाऱ्या चाकावर न लावता स्प्रिंगनं दाबलेल्या वेगळ्या मोकळ्या चाकावर लावायचा, कारण चालतं चाक घसरतं आणि एन्कोडर ते घसरणंही अंतर म्हणून मोजतो.

चेंडू फेकायचं फिरतं चाक. पहिला नेम लागतो, दुसरा आखूड पडतो आणि सगळे कोडिंगवाल्यांकडे बघतात. एका चेंडूनं चाकातली दहा टक्के ऊर्जा घेतली तर चाकाचा वेग साधारण पाच टक्क्यांनी उतरतो. चेंडू तितक्याच कमी वेगानं सुटला की पल्ला जवळपास दहा टक्क्यांनी घटतो. चार मीटरच्या नेमात ४० सेंटिमीटर. इलाज दोन. वेग भरून येईपर्यंत थांबायचं, किंवा चाकाच्या कडेला एम.एस.ची (साध्या पोलादाची) रिंग बसवायची. रिंग मध्याजवळ बसवून उपयोग नाही, वजन कडेलाच हवं. बदल्यात चाक वेगात यायला उशीर लागतो. रिंग लेथवर वळवलेली हवी, कापून चिकटवलेली चालत नाही, कारण तेवढ्या वेगाला थोडासा असमतोलही अख्खा रोबोट थरथरवतो. चेंडू किती दाबला जातो हेही तपासायचं. सगळे चेंडू सारखे नसतात, मापाला कॅलिपर लावून जोड्या लावाव्या लागतात.

हवेचं गणित आम्ही तुमच्याकडूनच शिकलो, आणि ते खरंच सोपं आहे. २५ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) हवेचा सिलेंडर ६ बारला साधारण ३० किलोचा जोर देतो. मोटर आणि गिअरबॉक्सपेक्षा हलका, झटपट, आणि अडकला तरी जळत नाही. पण हवा मोजकी असते. १०० मिमी स्ट्रोकला (दांडा सरकण्याच्या अंतराला) एक जाणं-येणं म्हणजे सुमारे ९० मिलिलिटर. दोन लिटरच्या दोन बाटल्या ६ बारला भरल्या, दाब आवरणारा रेग्युलेटर ४ बारला लावला, तर दाब ४ वर येईपर्यंत सतराएक फेऱ्या मिळतात. त्यातही झडप सिलेंडरपासून मीटरभर लांब असेल तर बाहेरून ६, आतून ४ मिमीच्या नळीत प्रत्येकी साडेबारा मिलिलिटर हवा फुकट भरली आणि सोडली जाते. दोन नळ्या म्हणजे २५, म्हणजे सतराच्या तेराचौदा. झडप सिलेंडरला चिकटून बसवा, एवढंच. रेग्युलेटर लावल्यामुळे जोर २० किलोवर येतो, ते खरं. पण पहिली पकड आणि शेवटची पकड सारखी राहते. लगोरी रचताना तेच हवं.

उचलायच्या सरकत्या हाताबद्दल एकच वाक्य: ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की अडकतो. भार जितका बाहेर, त्याच्या निम्मी तरी पकड दोन बेअरिंगांमध्ये असू द्यावी, आणि दोरी मधोमध लावावी.

एका बाबतीत आमचं तुमच्याशी अजून पटत नाही. थ्रीडी प्रिंटला तुम्ही ‘खेळणी’ म्हणता. मोटरच्या माउंटला पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) नको, हे मान्य. ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं आणि तापलेली मोटर तेवढं सहज करते. पण सेन्सरचा कंस, चेंडूची घसरण, वायरची झाकणं यांत रात्रीतून पाच वेळा बदल करायचा असतो. त्यासाठी तुम्हाला पाच वेळा लेथ लावायला सांगायचं आमचं धाडस नाही.

मोटरच्या शाफ्टवर नुसता ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा दाबस्क्रू) लावू नये, हे आता टीमच्या भिंतीवर लिहिलंय. शाफ्टवर सपाट खाच, किंवा चिमटा घेणारा हब. आणि चाकाचं वजन मोटरच्या शाफ्टवर टांगायचं नाही. बाहेरच्या बाजूला ६००१ बेअरिंग, १२ चा शाफ्ट, मधे दोन शाफ्ट जोडणारं कपलिंग. ८०–९० ग्रॅम जातात, गिअरबॉक्स वाचतो.

तयारीला मैदानावर एक मिनिट मिळतं. त्या मिनिटासाठी तुम्ही सगळ्या ड्रॉइंगवर लाल पेन फिरवलात: बोल्ट फक्त एम४ आणि एम५ (४ आणि ५ मिमीचे), तेही सॉकेट हेडचेच. म्हणजे ३ आणि ४ च्या दोनच अ‍ॅलन की. एम४ चा बटन हेड एक जरी घुसला तरी अडीचची की शोधावी लागते. हलत्या भागाला नायलॉक नट (नायलॉनच्या कड्यामुळे सैल न पडणारा), आणि दोनतीनदा उघडला की तो नट टाकून द्यायचा. काही ठिकाणी एम३ पुरला असता, थोडे ग्रॅम वाचले असते. ते आम्ही मुद्दाम सोडले.

काका, बिलात तुम्ही बुशांचे पैसे कधी लावले नाहीत. यंदापासून लावा, आम्ही अंदाजपत्रकात धरलेत.

आपले,
रोबोकॉन टीमची मुलंमुली

ता. क. : ४.९ चे दोन ड्रिल आणि तुमचा रिव्हेटर आमच्याकडेच आहेत. सोमवारी आणून देतो. सोबत नवीन फ्रेमचं ड्रॉइंगही असेल, उंची ५० धरली आहे.