आशाताई, थेंब बंद केल्याची तारीख तुमच्यामुळे कळली

खानापूर तालुक्यातल्या आशाताईंना,
स. न. वि. वि.

युव्हायटिसच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या सुजेच्या, रुग्णांच्या आमच्या अभ्यासात सगळ्यात मोलाची नोंद दवाखान्यात होतच नाही. स्टेरॉइडचे थेंब कुठल्या दिवशी बंद झाले, ती तारीख घरात असते. तुम्ही ती घराघरातल्या कालनिर्णयवर पेनाने गोल करून ठेवायला लावलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

२००५ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे औषध थांबल्यावर तीन महिन्यांच्या आत सूज परतली तर आजार जुनाट धरतात. औषधाविना तीन महिने वा जास्त डोळा शांत राहून मग सूज आली, तर तो पुन्हा पुन्हा उद्भवणारा. ‘लावणीच्या सुमारास बंद केलं’ एवढ्यावर रुग्ण कुठल्या रकान्यात घालायचा?

डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्यात तरंगणाऱ्या, सुजेच्या पेशींची मोजणी आमच्याकडची, पण तीही तुम्ही रुग्णांना सकाळच्या गाडीने पाठवता म्हणून नीट होते. स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळे तपासायच्या दुर्बिणीचा, झोत एक मिलिमीटर लांब, एक मिलिमीटर रुंद ठेवून त्यात दिसणाऱ्या पेशी मोजतात: ६ ते १५ असल्या तर सुजेची पातळी १+, १६ ते २५ तर २+, पन्नासच्या वर ४+. ही मोजणी बाहुली मोठी करण्याआधीच व्हावी लागते. नंतर केली तर सुटलेले रंगकण पेशींसारखे दिसतात आणि आकडा उगाच फुगतो. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं. कणकुंबीला परतणाऱ्या म्हाताऱ्या माणसासोबत कुणीतरी हवंच, आणि ते तुम्ही न सांगता पाठवता.

बाटली हलवण्याचा धडाही तुमचाच. थेंबांतलं स्टेरॉइड, प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट, तळाशी बसतं. न हलवता घातलं तर डोळ्यात नुसतं पाणीच जास्त जातं, मग ‘औषध लागू पडलं नाही’ अशी चुकीची नोंद होते. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटांचं अंतर, आणि बरं वाटलं तरी थेंब एकदम बंद न करता सांगितल्याप्रमाणे कमी करत नेणं, हेही तुम्ही घरोघरी समजावलंत.

बरं वाटणारा माणूस तपासणीला येत नाही, हा अशा अभ्यासातला सगळ्यात मोठा दोष. फक्त दुखणारेच आले तर आजार आहे त्याहून वाईट दिसतो. तुम्ही बरे झालेल्यांनाही आणलंत. चंदगडकडे माहेरी गेलेल्या बायकांसाठी तिकडच्या आशाताईंना फोन केलेत. राज्याची हद्द आड आली नाही.

आणि डोळे येण्याच्या साथीच्या दिवसांत चिकट घाण नसलेला, उजेड न सोसणारा, ठणकणारा, अंधुक दिसणारा लाल डोळा तुम्ही वेगळा काढून त्याच दिवशी पाठवलात. मेडिकलमधून परस्पर थेंब घेऊन बसले असते, तर बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटली असती.

नव्या वहीत एक रकाना वाढवलाय: डोळ्याचा दाब मोजल्याची तारीख. स्टेरॉइडने काही आठवड्यांत दाब चढू शकतो, आणि रुग्णाला ते जाणवत नाही. रकाना रिकामा दिसला, तर तेवढं कळवाल का?

आपला,
नेत्रतपासणी गट, बेळगाव