बोलिंग बॉलची भोकं पाडताना जरा विचारा

संपादक साहेब, नमस्कार. बोलिंगच्या बॉलला भोकं फक्त बोटं घालायला असतात असंच सगळ्यांना वाटतं, पण ती कुठे पाडली त्यावर बॉल लेनवर कसा वळणार हे बरंच ठरतं. बॉलवर पिन नावाचा रंगीत ठिपका असतो, तो आणि आपला पीएपी, म्हणजे सोडल्यावर बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचं टोक, यांच्यात सव्वातीन-साडेतीन इंच ठेवलं की फ्लेअर, म्हणजे बॉलचा टेकणारा पट्टा दर फेरीला सरकणं, सगळ्यात जास्त, दर फेरीला बॉलचा लेनवरचं तेल न लागलेला नवा कोरडा भाग लेनला टेकतो आणि बॉल पकड घेतो, तेच पावणेसात इंच केलं की फ्लेअर जवळपास गायबच. पीएपी प्रत्येकाचा वेगळा, मित्राचा लेआउट, म्हणजे भोकांची मांडणी, कॉपी करून काय उपयोग? (हातच नीट सुटत नसेल तर लेआउट तरी काय करणार बिचारा!) त्यात १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीने, म्हणजे अमेरिकेच्या बोलिंग संघटनेने, बॅलन्स होल पण बंद केलंय, म्हणजे नंतर जादा भोक पाडून सुधारू ही सोयही गेली. दुकानदार पीएपी न मोजताच ड्रिल लावत असेल तर बॉल उचला आणि सरळ घरी या.

— एक बोलिंगवेडा वाचक